झाकण फेकलेला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि मित्रांनो, मी भडकलेलो आहे. घाटंजीच्या एका कारागिराने तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून मला घडवले. माझे झाकण इतके घट्ट बसायचे की बाजारात बायका कौतुकाने बघत. शकुबाईंनी मला तिळासाठी घेतले, पण माझ्या नशिबी आल्या गोळ्या.

त्यांचा मुलगा अक्षय एकोणिसाव्या वर्षी एकटाच बडबडू लागला. कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा माझे नाव घेतो, म्हणायचा. सगळे घर यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. स्किझोफ्रेनिया, त्या म्हणाल्या. गोळ्या माझ्यात आल्या आणि मी भिंतीतल्या देवळीत सगळ्यांसमोर बसलो. पुढे त्याचे लग्नही लावले. बायकोला, जयाला, आधी कोणी काही सांगितले नाही. तरी ती रोज वेळेवर त्याच्या हातावर गोळी ठेवते.

आता प्रभावतीचे ऐका. ही अक्षयची बहीण, आर्णीला दिलेली. तिशीला टेकली तेव्हा तिला कपाशीत बायका आपल्याबद्दल कुजबुजताना ऐकू येऊ लागल्या. सासरचे म्हणाले, नाटकं करते. मग म्हणाले, अंगात येते. लिंबू उतरवण्यात दीड वर्ष घालवले! शेवटी शकुबाई तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. "बायकांना हा आजार पुष्कळदा उशिरा गाठतो, म्हणून घरच्यांच्या ध्यानात येत नाही. पण गोळ्या चुकवल्या नाहीत तर चांगल्या सावरतात," त्या म्हणाल्या. गोळीही अक्षयचीच निघाली.

पण लेकाची गोळी देवळीत आणि लेकीची मात्र लपवायची! अक्षयच्या गोळ्या बरणीत गेल्या. नाव कोणी वाचू नये म्हणून शकुबाईंनी प्रभावतीच्या गोळ्या पाकिटातून सोडवून माझ्यात भरल्या. "सासूले दिसू देऊ नको, माय," म्हणाल्या. त्या साली कापसाला भाव नव्हता, घरोघरी कापूस पडून होता. मी प्रभावतीबरोबर आर्णीला गेलो आणि तिच्या सासरच्या ढिगात पाच महिने दडलो. प्रभावतीच्या कानातल्या बायका गप्प झाल्या. सहा वर्षांच्या लेकीची, वैष्णवीची, वेणी घालताना ती गुणगुणायची.

मग भाव जरा चढला, कापूस उचलला आणि मी सासूच्या पायाशी घरंगळलो. तिने झाकण उघडले तर आत सुट्या पांढऱ्या गोळ्या. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या आहेत असेच तिला वाटले. "आमाले मारून राह्यली होती का?"

"माह्यं औषध हाय थे," प्रभावती सांगत राहिली. आमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. तिला माझ्यासकट माहेरी आणून टाकले आणि वैष्णवीला ठेवून घेतले.

महिन्याने नवरा आला. शकुबाईंनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली. "विष नाई, मान्य," तो म्हणाला. "पण येड्या बाईच्या हाती पोरगी कशी देऊ?"

जया तेव्हा अक्षयला गोळीच देत होती. "भाऊजी, हे बी थ्याच गोळ्या घेतेत," ती म्हणाली. "माह्यं लेकरू यायच्याच मांडीवर हाय. मले काहून कोणी नाई इचारलं?"

वैष्णवीला दर रविवारी आणीन, एवढेच तो पुटपुटला. अक्षयला अख्खा संसार आणि प्रभावतीला रविवार! मला हात असते तर मीच त्याला दाखवले असते.

प्रभावतीला हात होते. तिने माझे झाकण ओढून काढले, उकिरड्यावर फेकले आणि मला देवळीत अक्षयच्या बरणीशेजारी ठेवले.

मित्रांनो, म्हातारे डबे शेवटी विनवतात, आम्हाला पुसा, गंजू देऊ नका. मला खुशाल गंजू द्या. फक्त लेकीबाळींच्या औषधावर पुन्हा झाकण घालू नका. रविवारी वैष्णवी येते आणि चप्पल काढायच्या आधी माझ्यात डोकावते. "आई, आजची घेतली ना?" मोठ्याने विचारते. शेजारच्या बाया ओट्यावरून ऐकतात. ऐकू द्या.