नळ चालू राहू दे

समज, तुझ्या तळहातावर एक पांढरी कपची आहे. नखाएवढी. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं वाळूसारखी. आता डोळे मीट आणि तिच्यावरून अंगठा फिरव... हळू, घाई नको. अशा कपच्या एखाद्या पोहायच्या तलावाच्या तळाला जागोजागी सुटल्या असतील आणि तुझे पाय अनवाणी असतील, तर लागेल की नाही? लागेल. नेरिडा प्रॉबर्टही गेल्या उन्हाळ्यापासून सगळ्यांना हेच सांगत होती, आणि ते खोटं नव्हतं.

ती कपची आता तिच्या ॲप्रनच्या खिशात होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून चहा पिताना ती तिच्यावरून अंगठा फिरवत होती, आणि बाहेर परसात रबरी नळीतून पाणी पडत होतं. सकाळपासून पडत होतं. तलावाचा जुना गिलावा खरवडून टाकला होता, नवा चढला होता – डोळ्यांवर येईल इतका पांढरा – आणि तलावाच्या सगळ्यात खोल जागी नळीचं तोंड टेकवलेलं होतं, त्याला एक जुना लोकरी मोजा बांधलेला होता. पाण्याची धार थेट पडली तर ओल्या गिलाव्याला चर पडतो, म्हणून मोजा. मोजा केनेथचा होता. नवरा जाऊन चार वर्षं झाली तरी मोजे राहिले होते, आणि आंतेनं जाताजाता "एखादा मोजा आहे का टाकाऊ?" असं विचारलं तेव्हा तिनं फार विचार न करता तो दिला होता.

आंते मारुशिच. कंत्राटदार. त्याच्या आधी एक जण येऊन गेला होता, कोवळा मुलगा, हातात टॅब्लेट. त्यानं तिला निळ्याच्या अकरा छटा दाखवल्या, पाण्याखालचे दिवे दाखवले, आणि तलावाकडे काही पाहिलं नाही. मग आंते आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गुडघ्यांवर वाळलेलं सिमेंट. काठावर बसून त्यानं हात पाण्यात घातला, भिंत चोळली, मग हातोडीच्या दांड्यानं फरशीच्या कडेनं ठोकत ठोकत निघाला. कुठे टणक वाजे, कुठे बद्द.

"इथं पोकळ आहे. इथं पण. वय काय याचं?"

"माझ्या धाकट्या मुलाएवढं. त्रेचाळीस."

"मग मुलापेक्षा बरा टिकलाय म्हणायचा."

"तू माझ्या मुलाला पाहिलं नाहीस."

"केस आहेत का डोक्यावर?"

"नाहीत."

"बघा. तुमचा तलाव अजून तसा नाही झाला." तो हात झटकून उठला. "पण एक सांगतो, मला विचारू नका पाण्यात उतरून कसं वाटतं ते. मला पोहता येत नाही."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय.

"खरंच. तीस वर्षं हेच काम करतोय. मी येतो तेव्हा पाणी नसतं, पाणी आलं की मी निघून जातो. आमचं दोघांचं छान चाललंय."

तिनं त्यालाच काम दिलं. मैत्रिणींना तिनं कारण सांगितलं, माणूस ठोकून बघतो, म्हणून. तेही खोटं नव्हतं. पण खरं कारण हे होतं, की तो म्हणाला होता, "डिसेंबरच्या आत जमणार नाही, हातात फार कामं आहेत." इथं ऑस्ट्रेलियात डिसेंबर म्हणजे उन्हाळा सुरू होऊन गेलेला. डिसेंबर म्हणजे तिच्याकडे पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या आया दुसरीकडे कुठेतरी शिकवणी लावून मोकळ्या झालेल्या. तिनं हो म्हटलं, आणि त्या रात्री तिला छान झोप लागली. आणि मग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन – "नेरिडा, तुमचं नशीब जोरावर आहे, एकानं काम रद्द केलंय, मी सोमवारी येतो."

नशीब.

तिनं चहाचा कप विसळला. विसळलेलं पाणी टबात धरलं, टब उचलून मागच्या दारी ठेवला, संध्याकाळी लिंबाला घालायला. हे सगळं हातांनी आपोआप केलं. पर्थमध्ये हात असेच तयार होतात. घराच्या नंबराप्रमाणे बागेला पाणी घालायचे वार ठरलेले, हिवाळ्यात तेही बंद, अंघोळीला बादलीत उभं राहायचं आणि ते पाणी झाडांना... तिनं पोहायला शिकवलेल्या मुलांना पहिला धडा पोहण्याचा नसायचाच. पाय धुऊन या, आणि नळ घट्ट बंद करून या, मग पाण्यात.

तीस-बत्तीस वर्षं. शाळा सुटल्यावर, तलावाच्या उथळ बाजूला, कंबरभर पाण्यात ती उभी, आणि तिच्या पुढे धरलेल्या हातावर एक उताणं मूल. डोकं माझ्या हातावर टाक. जड होऊ दे. कान पाण्यात जाऊ दे, आत कसा आवाज येतो ते मला नंतर सांग. आता ढग मोज... आणि मूल ढग मोजत असताना ती हात हळूच, अगदी हळूच खाली घेई, आणि मूल तरंगत राही, आणि त्याला कळतही नसे. नंतर ती सांगे, हात कधीच काढला होता. मुलाच्या चेहऱ्यावर जे येई ते बघायला ती पुन्हा पुढच्या सोमवारी पाण्यात उतरे.

मार्चमध्ये लॅकलन होता हातावर. सहा वर्षांचा, पाणी जाऊ नये म्हणून कानांत पिवळी बोंडं घातलेला. तो म्हणाला चार, पाच – आणि तिच्या पायाखालचा तळ गेला. घसरली नव्हती. तळ कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. आकाश बाजूला आलं होतं, काठ तिरका झाला होता, आणि आपण उभ्या आहोत की पडतोय हे सांगणारं अंगात काही उरलं नव्हतं. हातावर मूल होतं एवढंच ठाऊक होतं. किती वेळ? लॅकलन आठपर्यंत पोचला होता. मग तळ परत आला. लॅकलन म्हणाला, "एक ढग मेंढीसारखा आहे," आणि ती म्हणाली, "हो का? कुठला?"

कोणाला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, आतल्या कानाचं असतं असं, वयानं होतं, पुन्हा होईल, न होईल. पाण्यात एकटी जाऊ नका. एकटी कुठे होते मी... मूल होतं की माझ्याबरोबर. हे तिनं डॉक्टरांना म्हटलं नाही. आणि त्याच आठवड्यात कोणाचा तरी अंगठा तळाच्या कपचीनं कापला, थोडं रक्त आलं, आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तळ खराब झालाय, तिनं सगळ्या आयांना सांगितलं. नवा गिलावा झाला की बघू.

आता नवा गिलावा झाला होता.

"नळ चालू राहू दे," सकाळी आंते निघताना म्हणाला होता. "काठोकाठ भरेपर्यंत. उद्या दुपार होईल. मधे बंद करायचा नाही, पाच मिनिटं पण नाही. पाणी जिथं थांबेल तिथं रेघ उठते. मग ती घासून जात नाही, रंगवून जात नाही. फोन आला, पाहुणे आले, घराला आग लागली – नळ चालू."

"आग लागली तर नळी लागेल मला."

"मग शेजाऱ्यांची घ्या," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

शेजारी म्हणजे मागच्या कुंपणापलीकडची टॅम्सिन आणि तिची आई. आई इस्पितळात परिचारिका, पाळ्या बदलत्या. टॅम्सिन सात वर्षांची. तिला पोहता येत नव्हतं, आणि या वस्तीत सात वर्षांच्या मुलीला पोहता येत नाही म्हणजे वाढदिवसांची निम्मी, तलावकाठची आमंत्रणं आईला काहीतरी सांगून टाळावी लागतात. तिची आई दर आठवड्याला कुंपणावरून विचारी – घाई नाही हं, नेरिडा, पण कधीपर्यंत? आणि टॅम्सिन कुंपणाच्या फटीला डोळा लावून बसे. तलाव रिकामा होता तेव्हा आंतेच्या परवानगीनं ती एकदा आत उतरून आली होती, उतारावरून चालत थेट खोल बाजूपर्यंत, आणि तिथं उताणी पडून राहिली होती. वर आल्यावर म्हणाली, "तिथंसुद्धा जमीनच आहे."

हो, नेरिडा म्हणाली होती. तिथंसुद्धा जमीनच असते.

दुपारी समुद्रावरचा वारा सुटला. ती दोरीवरचे कपडे काढायला परसात गेली. चिमटे खिशात, चादर खांद्यावर, उशीचे अभ्रे, टॉवेल... मॅगपाय पक्षी कुंपणावर बसून तिच्याकडे संशयानं बघत होता, विणीच्या दिवसांत तो अंगावर येतो म्हणून ती भिंतीच्या कडेकडेनं परतली, आत आली, घड्या घातल्या. चादरीची शेवटची घडी घालताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घर फार शांत होतं.

ती बाहेर आली. नळी सैल पडली होती. भिंतीवरचा नळ बंद होता. घट्ट बंद – जसा ती मुलांना सांगे तसा.

कधी? वाहता नळ दिसला आणि हात गेला असणार. खांद्यावर चादर असताना, नजर मॅगपायकडे असताना. सत्तर वर्षांचा हात. दुसरं काय... ती तलावाच्या काठाशी आली. पाणी खोल बाजूला निश्चल उभं होतं, आणि त्याची कड उतारावर येऊन थांबली होती. कुठं थांबली होती तेही तिला दिसलं. उथळ बाजूच्या जरा अलीकडे. ज्या जागी ती उभी राही, मूल हातावर घेऊन, त्या जागेला पाणी अजून लागलं नव्हतं. ती जागा कोरडी, पांढरी.

सवयच असेल. आपल्याच हाताला कसं विचारणार.

तिनं नळाकडे जायला हवं होतं. मिनिट गेलं असेल, दहाही गेली असतील, रेघ उठतच असेल. ती काठावर बसून राहिली. खिशातल्या चिमट्यांत हात घालून तिनं कपची शोधली. आता हिला कोणी विचारणार नाही. तळ गुळगुळीत झालाय. आता मी काय सांगू?

फाटकाची कडी वाजली. टॅम्सिन होती, एका पायात चप्पल.

"आवाज थांबला," ती म्हणाली. "मी सकाळपासून ऐकत होते. आंते म्हणाला होता थांबवायचा नाही."

"हो."

"मग कोणी थांबवला?"

वारा असतो, नळी सटकते, नळ जुना आहे... तीन-चार उत्तरं तिच्यापुढे अगदी रांगेत उभी होती, आणि त्यातलं एकही फारसं खोटं झालं नसतं.

"मी," नेरिडा म्हणाली.

"विसरून?"

"असेल. किंवा मला भीती वाटली असेल."

टॅम्सिननं तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "तुला? तुला तर पोहता येतं."

"येतं. पण एकदा पाण्यात उभी असताना मला गरगरलं. खाली जमीन आहे हेच मला कळेना. हातावर मूल होतं."

"मग?"

"मग कळलं. जमीन परत आली."

"गेली नव्हती ती," टॅम्सिन म्हणाली. "मी पाहिलीये ना. मी झोपले होते तिच्यावर." मग थोडा विचार करून, "पुन्हा गरगरलं तर?"

"तेच मला माहीत नाही." हे मोठ्यानं म्हटल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. मॅगपाय उडून गेला. पाण्यावर वाऱ्याची सुरकुती आली आणि गेली. भीती होती तिथंच होती, फक्त आता ती एकट्या नेरिडाच्या खिशात नव्हती. "तेव्हा तिथं आणखी कोणीतरी मोठं माणूस लागेल. काठावर. हे मी तुझ्या आईला आधीच सांगायला हवं होतं."

"आई सहाला येते," टॅम्सिन म्हणाली.

सहाला. तेव्हा मी सांगेन, की पुन्हा काहीतरी निमित्त काढेन... नेरिडानं कपची खिशातून काढून काठावर ठेवली.

टॅम्सिननं ती उचलली नाही. ती भिंतीपाशी गेली, दोन्ही हातांनी नळ धरला आणि ओठ दाबून पुरता उघडला. नळी फुगली, हलली, आणि तळाशी मोज्यातून पाणी पुन्हा वाहू लागलं. मग तिनं एकुलती चप्पल काढून खाली ठेवली, तिच्यावर बसली, नळाला पाठ लावून, आणि नेरिडाच्या हातांवर नजर ठेवून आईची वाट बघू लागली.