चौऱ्याण्णवाव्या मिनिटातली मैनाबाई

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जठारपेठेतल्या एकोणचाळीस बायकांना वाण म्हणून एकच सिनेमा मिळाला.

वरूडच्या संत्र्याची पेटी. वरच्या थरात, फटीत खोचलेलं कार्ड.

"एकरी किती टाकाचा?"

हिरवा त्रिकोण.

धुऱ्यावर खुर्ची. खुर्चीवर कोणी नाही. अकरा मिनिटं झाली, अजून कोणी नाही.

"आलं का कोनी माह्यापावतर?"

ही सहाही टोकं एकाच माणसाच्या हातात होती आणि गाठ काही बसत नव्हती. माणूस स्वानंद, राहणार अमरावती, वकिलाचा मुलगा. म्हणजे बोलून पोट भरायची सोय घरातच होती. ती सोडून त्यानं सिनेमा काढला. 'धुऱ्यावरची खुर्ची'. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावर एक खुर्ची आहे आणि एक तास बेचाळीस मिनिटं माणसं, बैल, एकदा एक मोटारसायकल तिच्याजवळून जातात. चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला मैनाबाई येतात, खुर्चीवर टेकतात आणि सरळ कॅमेऱ्यात पाहून विचारतात, "जेवून आले का?"

शेत मैनाबाईंचं, चांदूर बाजारच्या अलीकडचं. खुर्चीही त्यांचीच. दोन्ही त्यांनी फुकट दिलं, एका अटीवर. आपल्यापर्यंत पहिला माणूस पोचला की येऊन सांगायचं. सिनेमा म्हणजे रस्ता, आपण त्याच्या पार टोकाला बसलोय आणि वाटसरू यायचाय, असा त्यांचा हिशेब. स्वानंद एकदा म्हणाला, "मैनाबाई, तुम्हीच पाहा ना आधी." तर म्हणाल्या, "मी तं तेथीच हावो. मी कायले पाहू?"

मित्रांनी पाहिला. 'अप्रतिम' असं लिहून पाठवलं. पण सिनेमाच्या वेबसाइटवर कोण कुठवर पाहतो ते मिनिटासकट दिसतं. सगळ्यांचं अप्रतिम सहाव्या मिनिटाला संपलं होतं.

थेटरवाले हसले, मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मग स्वानंदला सुचलं, आपल्या मुलखात माल विकणारे काय कमी आहेत? कार्डं छापायची. खरवडलं की कोड, कोड टाकला की सिनेमा. दुकानदारानं गठ्ठा घ्यावा, आपल्या गिऱ्हाइकाला विकावा, वरचे पैसे त्याचे. छापखानेवाला एरवी कीटकनाशकांची लेबलं छापायचा. त्यानं जुन्याच साच्यात कार्ड बसवलं. मागं बॅच नंबर, 'लहान मुलांपासून दूर ठेवा', आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. प्रूफ स्वानंदनं स्वतः तपासलं होतं. फक्त स्वतःच्या नावाचं ऱ्हस्वदीर्घ तपासलं होतं.

वरूडच्या व्यापाऱ्यानं दोनशे कार्डं घेतली. संत्री परमुलखात गेली, खाल्ली गेली. कार्डं जाड होती, त्यामुळे वाटेत फळ हललं नाही, असा त्याचा निरोप आला.

अकोल्याला मामेबहीण वर्षाली. तिचं जठारपेठेत साडीला फॉल लावायचं दुकान. तिनं कार्डं वाणासाठी खपवली. पण वाण ही वापरायची वस्तू नव्हे, पुढं द्यायची वस्तू आहे. कार्डं या घरातून त्या घरात फिरत राहिली. त्यातलं एक मार्चमध्ये अमरावतीला स्वानंदच्या आईच्या ओटीत येऊन पडलं. न खरवडलेलं. आई म्हणाली, "बरं झालं, पुढच्या वर्षी देता येईल."

प्रत्येक खेपेला तो चांदूर बाजारकडं गेला की मैनाबाई दारातूनच विचारायच्या, "आलं का कोनी?"

"वाटेवर आहेत."

"कुठलोक आले?"

"सहाव्या मिनिटापर्यंत."

"बसले असतील सावलीत," मैनाबाई म्हणायच्या.

आणि जुलैत शेषरावांचा फोन. शेषराव म्हणजे चांदूर बाजारच्या कृषी केंद्राचे मालक. बियाणं, खत, औषध आणि आता सिनेमा.

"स्वानंदभाऊ, पाठवा अजून. नऊ दिवसांत सहाशे बारा गेले."

स्वानंद उभा राहिला. "कोण घेतंय?"

"कास्तकार. दुसरं कोन येते माह्या दुकानात?"

"आवडतोय त्यांना?"

"आवडाचा काय संबंध? युरिया आवडते का कोनाले? लिंकिंग करून राहिलो, बावा."

लिंकिंग म्हणजे काय ते वऱ्हाडात पोरासोरालाही ठाऊक. युरियाची गोणी पाहिजे ना, मग सोबत ही न खपणारी बाटली घ्यावीच लागते. नियमानं बंदी आहे. पण रांगेत उभ्या माणसाला नियम तोंडपाठ असून पेरलेलं थांबत नाही.

"लोक विचारून राहिले, एकरी किती? मी सांगतलं, एकरी एक कार्ड. फवारनीच्या आदल्या दिवशी."

स्वानंदनं वेबसाइट उघडली. सहाशे बारा विकली, चौदा उघडली, सगळ्यात लांब गेलेला माणूस अकराव्या मिनिटाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कार्डं परत आणायला निघाला.

दुकानासमोर जीप उभी होती. कोणीतरी तक्रार केली होती आणि कृषी खात्याचे निरीक्षक भगवंतराव काउंटरवर कार्ड उलटंपालटं करत होते.

"हे कुणाचं उत्पादन?"

स्वानंदनं हात वर केला.

"घटक?"

"चित्र आणि आवाज."

"प्रमाण लिहिलेलं नाही. त्रिकोण हिरवा, म्हणजे विष सगळ्यात कमी. कुणी ठरवलं?"

"छापखान्यानं."

"मग नमुना तपासावा लागेल. सील फोडलं की नमुना पूर्ण तपासायचा, अर्धवट चालत नाही."

"साहेब, चहा घ्या ना आधी," शेषराव म्हणाले.

"चहा पंचनाम्यात येईल," भगवंतराव म्हणाले, आणि शेषरावांनी चहा परत पाठवला.

रांगेतले दोन कास्तकार पंच झाले, चंद्रभान आणि केशवराव. औषधांच्या जाहिराती दाखवायला लावलेल्या टीव्हीवर सिनेमा सुरू झाला. धुरा आला. खुर्ची आली. अकरावं मिनिट आलं आणि केशवराव उठले.

ते टीव्हीच्या जवळ गेले. "हा धुरा मैनाबाईचा अन् माहा," ते म्हणाले. "हातभर माह्याकडं सरकला हाये."

"सरकला नाई. कॅमेराच तिरपा हाये," चंद्रभान म्हणाले.

"थांब. बैल जाऊ दे, मंग दिसन."

असे बैल पाहणारे प्रेक्षक जगातल्या कुठल्या महोत्सवात मिळाले नसते. विसावं मिनिट गेलं, पन्नासावं गेलं. मोटारसायकल आली तेव्हा दोघांनी एकदम नंबर वाचला. सत्तराव्या मिनिटाला भगवंतरावांनी चष्मा पुसला.

एक्क्याण्णवाव्या मिनिटाला लाइन गेली, टीव्ही बंद.

"हं," भगवंतराव म्हणाले. "पुढं थोडंच उरलंय ना? काय होतं ते सांगा, लिहून घेतो."

"सांगा ना भाऊ," शेषराव हात जोडून म्हणाले. "दोन शब्द सांगा, माही सुटका होते. पूर्न तपासला तं जास्तीचं निघन."

सांगणं सोपं होतं. एक बाई येते, जेवलात का विचारते. कागद पुरा झाला असता, समज देऊन जीप गेली असती, दुकान चालू राहिलं असतं, आणि सहाशे बारा विकणारा माणूस हातात राहिला असता. स्वानंदच्या डोळ्यांपुढं मैनाबाई आल्या, दारात, हाताचा आडोसा कपाळावर धरून रस्त्याकडं पाहणाऱ्या.

"सांगता येणार नाही," तो म्हणाला. "नमुना पूर्ण तपासा. शेषराव, बिलाच्या मशीनचं इन्व्हर्टर टीव्हीला लावा."

"तुमी माहे इक्रेते की दुश्मन?"

"विक्रेते तुम्ही. मी उत्पादक."

इन्व्हर्टर लागलं. पंचनाम्याचा पुढचा भाग असा:

*...नमुन्याच्या ९४ व्या मिनिटास एक वयस्कर स्त्री खुर्चीवर बसून समोर पाहते व 'जेवून आले का' असे विचारते. सदर प्रश्न उपस्थितांस उद्देशून आहे किंवा कसे, हे निश्चित करता आले नाही. तरी पंच क्र. १ व २ आणि निरीक्षक यांनी 'हो' असे उत्तर दिले. नमुन्यात खत, बियाणे अथवा कीटकनाशक आढळले नाही. त्रिकोण निराधार. तालुक्यातील सर्व कृषी केंद्रांतून सदर उत्पादनाच्या विक्रीस बंदी करण्यात येत आहे...*

शेषरावांनी उरलेला गठ्ठा स्वानंदच्या अंगावर टाकला. स्वानंदनं तो उचलला, कार्ड घेतलेल्यांना ज्याचे त्याचे पैसे परत मिळतील असं शेषरावांकडून कबूल करवून घेतलं, आणि गाडी थेट मैनाबाईंच्या दारी लावली.

"आलं का कोनी?"

"तिघं आले."

मैनाबाई ओट्यावर बसल्या. पदर सारखा केला. "कोन कोन?"

"एक साहेब. चंद्रभान. अन् केशवराव."

"केशवराव? त्याचं अन् माहं तीन वर्सं बोलनं नाई." त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "मंग? इचारलं का मी?"

"विचारलं."

"काय म्हनले ते?"

"तिघंही हो म्हणाले."

"केशवरावही?"

"त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता."

मैनाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. मग हसल्या. "खोटं बोलते मेला. सकाऊन उठून खताच्या रांगेत उभा, अन् जेवला म्हने. थांब, भाकरी टाकते. जाता जाता त्याच्या घरी नेऊन दे."

स्वानंदला आठवलं, शूटिंगच्या दिवशी डबा अमरावतीलाच विसरला होता. त्या दिवशी कॅमेऱ्यामागं कोणीच जेवलं नव्हतं; मैनाबाईंनी विचारलं होतं ते त्यांनाच.