दाट रफू

"नवं पातं लावलं तरी कापेना! माझ्या सासूचं काळीज ठेवलंय की काय या मेणात," प्रयोगशाळेतले काका पातळ काप काढायच्या यंत्राशी पुटपुटले.

"द्या, मी बघते," धाकटी म्हणाली.

तपासायचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर नाव नसतं, नुसता नंबर. काकांना तो कुणाचा हे कळायचं कारण नव्हतं. धाकटीला मात्र तो पाठ होता. आत तिच्या ताईच्या जठराचा तुकडा होता.

तिने ठोकळा बर्फावर पालथा घातला, थोडं थांबून यंत्राचं चाक फिरवलं. पातं करकरलं. पापुद्र्यावर आडव्या रेघा उठल्या. निरोगी जठर कापताना असा आवाज येत नाही, हे वीस वर्षांत तिच्या हातांना ठाऊक झालं होतं. आधी दोनदा तपासणीसाठी वरवरचा चिमटा घेतला, तेव्हा अहवालात 'साधी सूज' आली होती आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला होता. हा तुकडा खोलवरचा होता.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची तिला दिली. नुसतं गुलाबी धाग्यांचं रान.

"जखम भरणाऱ्या पेशी. जखम नसतानाही विणत सुटल्यात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि त्या धाग्यांआड बघ, दुसऱ्याच पेशी एकेकट्या लपल्यात."

धाकटीने पाहिलं. मग भिंग उगाचच पुसलं.

संध्याकाळी ताई खिडकीत बसून कुणाच्या तरी कोटाला रफू करत होती. लोकांचे कपडे सांधण्यात तिची तीस वर्षं गेली होती.

"आम्लपित्तच ना?" भाऊजींनी दारातच विचारलं. "वेळेवर जेव म्हटलं, तर ऐकेल ती कुठली!"

"जखम भरणाऱ्या पेशी वाढल्यात, भाऊजी. त्यांनी जठराची भिंत जाड केलीय."

"मग चांगलंच की! भरून येतंय म्हणजे."

धाकटीने चपला काढायला वाकून फार वेळ लावला.

ताईने दातांनी दोरा तोडला. "फार दाट रफू केलं की कापड ताणलं जात नाही. म्हणून दोन घासांत पोट भरतं होय माझं?"

भाऊजी पाणी आणायला वळले, आणि तिथेच उभे राहिले.

"पण माझं फाटलं नव्हतंच ना गं कुठे?" ताईने कोट बाजूला ठेवला. "मग त्या शिवतायत कुणासाठी?"

धाकटीने तिच्या बोटांतली सुई काढून घेतली, सुयांच्या उशीत खोचली. मग तो हात धरला.

"कॅन्सरसाठी, ताई."