तीन लग्नांची मावशी

चोवीस दिवसांत नऊच दिवस हजर! बाईंनी हजेरीपुस्तक असं आपटलं की पुढच्या बाकावरची पोरं दचकली.

सहावीतल्या त्या मुलीला सगळा वर्ग रेडिओ म्हणायचा. बोलायची ती दारापर्यंत ऐकू जाईल अशी, एकेक शब्द तोंडात घोळवून. हुशार होती, पण वर्गात टिकेल तर ना! चिठ्ठ्या मात्र वेळेवर यायच्या. कधी ताप, कधी पाहुणे, कधी मावशीचं लग्न. एकाच वर्षात मावशीचं तिसरं लग्न लागलं तेव्हा बाईंचा पारा चढला. आईला फोन केला की ती "हो हो, बरं बरं" म्हणून ठेवून द्यायची. शेवटी मधल्या सुट्टीत बाई स्वतःच आईच्या शिवणाच्या दुकानावर जाऊन धडकल्या.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली, तीत एक शिलाई मशीन आणि शिवायला आलेल्या कपड्यांचा ढीग. आई मशीनवर होती. रेडिओ स्टुलावर बसली होती. बाईंना पाहताच ती थिजली.

"ही शाळेत का येत नाही?" बाईंनी आत शिरताच विचारलं.

आई छान हसली. "उद्या संध्याकाळी मिळेल."

"काय मिळेल?"

"अस्तर लावायचं असेल तर परवा."

"मी कपडे टाकायला आले नाही! थट्टा करताय का माझी?"

आईची नजर बाईंच्या खांद्यावरून मागे गेली. बाईंनी वळून पाहिलं. रेडिओ कधीतरी स्टुलावरून उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती आणि आवाज न करता नुसते ओठ हलवत होती. पकडली गेल्यावर तिने मान खाली घातली.

"आईला ऐकू येत नाही," ती पुटपुटली. "दोन वर्षं झाली. गिऱ्हाईक काय म्हणतं ते मी सांगते."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. म्हणजे फोनवरचं ते "बरं बरं" हे असं होतं तर! वाईट वाटलं, पण राग काही उतरेना.

"मग गिऱ्हाइकांना सरळ सांगायचं ना! विचार आईला."

रेडिओने ओठांनी विचारलं. आईचा चेहरा पडला. "बहिरीकडे कोण कपडे टाकेल, बाई? चार घरं सोडून दुसरा शिंपी आहे."

"तुम्ही काय कानाने शिवता?" बाई कडाडल्या.

रेडिओ नुसतीच चुळबुळली.

"सांग की!"

"तुम्ही चिडून बोललात ते."

"चिडूनच सांग!"

तिने कमरेवर हात ठेवून, डोळे वटारून, अगदी बाईंसारखं सांगितलं. आईला असं हसू फुटलं की हातातली सुई खाली पडली. हसता हसता तिने डोळे पुसले.

बाईंनी पिशवीतून कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर ठळक लिहिलं, 'मला ऐकू येत नाही. काम काय आहे ते इथे लिहा.' वही दोऱ्याने दाराशी बांधली. आईने ते वाचलं, दोनदा गाठ सोडायला हात नेला, आणि राहू दिलं.

दोन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. बाकीची लिहू लागली. एका आजोबांनी तर विजारीची लांबी लिहिता लिहिता सुनेच्या सगळ्या तक्रारी लिहून काढल्या. कान तपासायला बाईच आईला दवाखान्यात घेऊन गेल्या. ऐकायचं यंत्र मिळायला सहा महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. बाई तिथेही भांडल्या, पण तारीख काही बदलली नाही.

रेडिओ शाळेत येऊ लागली. पुढच्या महिन्यात चोवीसपैकी एकोणीस दिवस. मुख्याध्यापक म्हणाले, "वा! सुधारणा आहे."

बाईंना कसली वा! त्यांनी तडक दुकान गाठलं, वही पुढे ओढली आणि गिऱ्हाइकांच्या मापांखाली लिहिलं, 'पाच दिवस कुठे होती?'

आईने वाचलं. खोटं बोलावं की नाही याचा थोडा विचार केला.

"दोन दिवस पोट बिघडलं होतं," ती म्हणाली. "तीन दिवस मीच ठेवून घेतली. सवय झालीय हो, बाई. ती नसली की भीती वाटते."

बाईंनी सुस्कारा टाकला, पेन उचललं आणि खाली लिहिलं, 'पुढच्या महिन्यात एकच दिवस चालेल. तोही पोटाचा.'