मोझाचे अकरा दिवस

इनेजनं अकराव्या लाल चौकोनावर क्लिक केलं आणि तिथं भरलं, 'ड्यूटी'. चौकोन हिरवा झाला. आता पूर्ण ओळीत लाल काही उरलं नव्हतं.

"थांबा मॅडम." मागून विजयकुमार सरांचा आवाज आला. "सेव्ह करू नका."

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या कारखान्यात हजेरी अंगठ्याच्या मशीनवर होती. ज्या दिवशी अंगठा लागला नाही तो दिवस पडद्यावर लाल व्हायचा, आणि का लागला नाही ते टाइम-ऑफिसनं भरायचं. रजा, आजारी, ड्यूटी नाहीतर गैरहजर. टाइम-ऑफिस म्हणजे वसईची इनेज तुस्कानो. एकोणीस वर्षांत तीन मॅनेजर आले नि गेले, मशीनं बदलली, बाई जागची हलली नाही. माझ्या शीटमध्ये एक चौकोन खोटा काढून दाखवा, नाव बदलीन, असं ती सगळ्यांदेखत म्हणायची. आजवर कुणाची टाप नव्हती झाली.

आणि ही ओळ होती मोझाची. मोझा तिची सुपरवायझर. इथलीच, एमिराती, वयानं इनेजहून चांगली बारा वर्षांनी लहान. गेल्या वर्षी ती अमिरातीच्या सल्लागार परिषदेवर निवडून आली, पण नोकरी सोडली नाही. सभा असली की तिकडे, नसली की इकडे. हेड ऑफिसचं पत्र आलं होतं की सभेचे दिवस ड्यूटीच धरावेत, तिच्या नोकरीला धक्का लागू नये. ते पत्र इनेजनंच फाइलला लावलं होतं.

मॅनेजर विजयकुमारांनी खुर्ची ओढली. माणूस वाईट नव्हता. सोलापूरहून शेंगाची चटणी आली की पहिली पुडी टाइम-ऑफिसला द्यायचा.

"तिमाहीत दहाच्या वर गैरहजर लागले की पोस्ट रिकामी. कंपनीचा रूल आहे, मी नाही केला. हेड ऑफिस शीट बघतं, ते जुनं पत्र कोण उघडून बघतंय?"

"पण सर, ती गैरहजर नव्हती. सभेत होती."

"मशीननं बघितलं का तिला? नाही ना? मग खलास. मला इथं रोज माणूस लागतो, मॅडम. ती नसते तेव्हा तिचं सगळं काम कोण ओढतं? तुम्ही. मग त्या खुर्चीत कोण पाहिजे?"

इनेजनं माउसवरचा हात काढला. कारण हे शंभर टक्के खरं होतं. ती खुर्ची तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. मोझाच्या आधी दोनदा ती जागा रिकामी झाली होती आणि दोन्ही वेळा इनेजनं नव्या माणसाला काम शिकवलं होतं.

"उद्या सकाळी गैरहजर लावून सही करून द्या," सर उठत म्हणाले. "तुमच्या सहीशिवाय शीट जात नाही, ते तर तुम्हीच मला शिकवलंत."

संध्याकाळी कारपूलमधून इंटरनॅशनल सिटीला उतरून इनेज तडक वर गेली. घरी मरिसानं, तिच्या लेकीनं, सगळं ऐकून मोबाइलमधून मानही वर काढली नाही.

"ममा, जस्ट टेक इट. यू डिझर्व्ह इट."

"डिझर्व्ह करते गं, ते कुठे नाही म्हणतेय?" इनेज म्हणाली आणि तिनं वसईला पपांना फोन लावला.

विन्स्टन तुस्कानो. वय ऐंशी. तरुणपणी रंगाच्या कारखान्यात फिटर असताना जिल्हा परिषदेवर निवडून आले. मीटिंगच्या दिवसांची गैरहजेरी लावून कारखान्यानं त्यांना घरी बसवलं, तेव्हा इनेज नऊ वर्षांची होती. पपा मग केळीच्या वाडीत राबले, पण गाव त्यांना अजून 'मेंबर' म्हणतं. त्या हाकेनं इनेजची मान आजही ताठ होते. आणि मस्टरवर गैरहजर लिहिणाऱ्या त्या कुणा कारकुनाला तिनं उभ्या आयुष्यात माफ केलं नव्हतं.

ती सगळं सांगून म्हणाली, "पपा, तुमच्या वेळी कुणी एकानं जरी ड्यूटी लिहिलं असतं ना..."

पलीकडे पपा खोकले.

"लिहिलं होतं गं."

"काय?"

"हनीफ होता टाइमकीपर. दर मीटिंगला माझ्या नावापुढे ड्यूटी लिहायचा. साहेबानं त्याच्यासमोर पान फाडलं, म्हणाला परत लिही. त्यानं परत तेच लिहिलं. आधी त्याला काढला, मग दुसऱ्याकडून गैरहजर लिहून घेऊन मला."

"आणि तुम्ही हे आता सांगताय?"

"काय तोंडानं सांगू? मला लोक मेंबर म्हणतात. त्याला कुणी काही म्हणत नाही. नालासोपाऱ्याला असतो मुलाकडे, मी एकदापण गेलो नाही." मग त्यांनी विचारलं, "तू काय लिहिलंस?"

"अजून सेव्ह नाही केलं."

"बरं," पपा म्हणाले. "जेवलीस का?"

सकाळी साडेसातला इनेजनं शीट उघडलं. अकरा चौकोन, अकरा वेळा ड्यूटी. सेव्ह. प्रिंट काढून एरवी ती सहीला नुसती 'आय. टी.' ही आद्याक्षरं लिहायची. आज पूर्ण नाव लिहिलं आणि कागद विजयकुमारांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी ओळ वाचली. "मी हे फाडून दुसरं काढायला सांगितलं तर?"

इनेजला एकदम हसू आलं. तिनं ते दाबलं. "काढते ना सर. परत हेच लिहीन."

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"पाय माझाच आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "ही पोस्ट पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. लक्षात ठेवा."

"ठेवते सर."

त्यांनी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. इनेज कागद घेऊन आपल्या टेबलाशी आली. तेवढ्यात मोझा आत शिरली, हातात फाइली, घाईत.

"इनेज, कल सब ठीक था?"

"सब ठीक," इनेज म्हणाली.

मोझा आपल्या खुर्चीत जाऊन बसली. इनेजनं कागद टेबलावर पसरला, मोझाचं नाव अंगठ्यानं झाकलं, अकरा दिवस आणि आपली सही एवढ्याचाच फोटो काढला आणि पपांना पाठवला.

उत्तर यायला अर्धा तास लागला. पपा एका बोटानं टाइप करतात.

'फोटोची प्रिंट काढायला दिली आहे. इस्त्रीचा शर्ट घातला. हनीफकडे निघालो.'