सनई न वाजवणारा संगणक

मित्रांनो, माझ्या चेहऱ्यावर जाऊ नका. मी एक जुना संगणक आहे, तापीकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यातला. माझ्या पडद्यावर रंग दोनच, काळा आणि हिरवा. माझ्यावर सिनेमा दिसत नाही, पत्ते खेळता येत नाहीत. बॉयलरमधलं पाणी ठरल्या पातळीवर राखायचं, एवढं एकच काम मला येतं आणि ते मी आजवर मन लावून केलं.

बॉयलरचं पाणी म्हणजे पोरखेळ नव्हे. भट्टीत उसाचं चिपाड धडधडतं, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सारा कारखाना चालतो. पाणी फार उतरलं तर नळ्या तापून फुटतात, मग समोरच्या माणसाची धडगत नसते. समोर उभे असायचे आमचे छगनभाऊ, सारंगखेड्याचे. म्हणून मला घडवणाऱ्यांनी माझ्यात ऑपरेटिंग सिस्टीमही तशीच घातली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा स्वभावच म्हणा ना. कोणतं काम आधी आणि कोणतं मागून, हे ती ठरवते. माझ्या स्वभावात पाणी आधी, आणि मागून काहीच नाही. ठरल्या क्षणी मी पाणी बघतो म्हणजे बघतोच.

पण मी म्हातारा झालो. माझे सुटे भाग मिळेनासे झाले. नवा संगणक घ्यायचं ठरलं आणि त्यावर कोणती सिस्टीम असावी, हे बघायचं काम गायत्रीताईंकडे आलं. त्या कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, कामात चोख. छगनभाऊंचा जीव ज्याच्या हाती द्यायचा, त्याला दुसरं काही सुचताच कामा नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांना माझ्याच जातीची, पण नवी सिस्टीम हवी होती. संचालक नवनीतभाऊंना मात्र हिशेबखात्यात असते तीच, रंगीबेरंगी, सगळ्यांच्या ओळखीची सिस्टीम आवडली होती. "हाऊ डबा सनईबी वाजाडत नही," असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी रंगीत संगणक आलाच. ताईंचं कुणी ऐकलं नाही, पण एक अट त्यांनी सोडली नाही. हंगाम संपेपर्यंत मला त्याच्या शेजारी चालू ठेवायचं. त्याने वेळेवर उत्तर दिलं नाही तर ताबा आपोआप माझ्याकडे यावा, अशी जोडणी त्यांनी स्वतःच्या हाताने केली.

मोळीपूजनाचा दिवस उजाडला. हंगामातली उसाची पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे चरकाकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, पडते, तो मुहूर्त आमच्याकडे सणासारखाच. सारे मांडवात, गायत्रीताईसुद्धा. ऐन वेळी मांडवातलं सनईचं यंत्र बंद पडलं आणि नवनीतभाऊंना आपला नवा संगणक आठवला. त्यांनी लाउडस्पीकरची वायर कंट्रोल रूमपर्यंत ओढायला लावली, सनईचा पेनड्राइव्ह त्याच्यात खोचला आणि ते मांडवात परतले. सनई लागली. मोळी पडली, चरक फिरले, वाफ ओढली जाऊ लागली आणि बॉयलरचं पाणी झपाट्याने उतरू लागलं.

बिचारा नवा! पेनड्राइव्ह तपासण्यात आणि सनई वाजवण्यात तो असा गुंतला, की त्याच्या पडद्यावरचा पाण्याचा आकडा जागचा हलेना. मी त्याला दोष देत नाही. जो येईल त्याचं ऐकायचं, हाच त्याचा स्वभाव.

त्याचं उत्तर आलं नाही, तसा ताबा माझ्याकडे आला. मी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला आणि धोक्याची घंटा वाजवली. ताई मांडवातून धावत आल्या. पाठोपाठ छगनभाऊ आत आले, घामाने डबडबलेले.

"ताई, पानी पार उतरी गयथं. आते चढी ऱ्हायनं," एवढंच ते बोलले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

नवनीतभाऊही आले. पेनड्राइव्ह त्यांनी आपल्या हाताने काढला. माणूस वाईट नव्हता हो. छगनभाऊंकडे बघत ते हळूच म्हणाले, "ताई, कोनतं लेवानं ते आते तुम्हीच सांगा."

त्यानंतर जो विक्रेता येई, त्याला ताई पहिल्यांदा एकच विचारत, तुमच्या सिस्टीमवर काय काय चालत नाही? जो गोंधळला तो परत गेला. अखेर माझ्या स्वभावाची सिस्टीम आली. रंगीत संगणक कचेरीत आलेख दाखवायला बसला, आणि तिथे तो शोभतोही छान.

हंगाम संपला. मला बंद करायच्या दिवशी छगनभाऊ आपल्या बायकोला, कमलबाईंना, घेऊन आले. त्या माउलीने कारखाना आतून कधी पाहिला नव्हता. माझ्या कोमट पत्र्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मन्हा मालकले तू घर धाडं." त्यांच्या धन्याला मी सुखरूप घरी पाठवलं, असं त्या म्हणत होत्या.

मित्रांनो, ज्या यंत्रापुढे माणूस उभा असतो, त्याला त्याचं काम करू द्या, भलतं काही सांगू नका. ते निवडताना चेहरा नको, स्वभाव बघा. मला निवडणाऱ्यांचे आणि सांभाळणाऱ्या ताईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. इतकी वर्षं मला वाटायचं, मी नुसतं पाणी राखतो. कमलबाईंचा हात पत्र्यावर पडला, तेव्हा कळलं मी काय राखत होतो.