सतराव्या पानाचा तळ

अण्णा बोरगावकरांचं नाव अखेर छापून आलं. नानाखेड्याच्या गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत, एकूण एक पानाच्या तळाशी: ‘कै. अण्णा बोरगावकर यांच्या स्मरणार्थ’. आता हे झालंच नाही असं धरून चालायचं, कारण मंडळानं तसा ठराव केला आहे.

तर, असं काहीच झालेलं नसताना, अण्णांची मुलगी जयू उज्जैनच्या देवास गेटजवळ सुमीतच्या कंप्युटरच्या दुकानात टाइप करत होती. मिल बंद पडेपर्यंत ती तिथली टायपिस्ट होती. मंडळाचे सचिव भय्यासाहेब म्हणाले होते, स्मरणिका टाइप करून दे, एका पानाचा तळ तुझा. प्रत्येक पानाच्या तळाशी एकेका घरचं गेलेलं माणूस. सतरावं पान अण्णांचं.

आपलं नाव एकदा तरी छापून यावं, एवढीच अण्णांची इच्छा. स्वतःच्या लग्नपत्रिकेतही प्रेसवाल्यानं त्यांच्या चुलतभावाचं नाव छापलं होतं. तो आहेरही घेऊन गेला.

जयूनं पहिल्या पानाच्या तळाशी पहिल्या घरचं नाव टाकलं. दुसऱ्या पानावर गेली, तर तेच नाव तिथेही. तिला वाटलं, कार्बनचं उमटतं तसं उमटलं असेल. तिनं ते खोडून दुसरं टाकलं. असं शेवटपर्यंत. सतरावं तेवढं सोडलं. घरच्यांची पंगत शेवटी बसते. सगळ्यांची नावं झाल्यावर ती मागे आली, अण्णांना बसवलं आणि हात जोडले. सुमीतनं प्रिंट काढून थेट प्रेसला पाठवली.

प्रकाशनाच्या सकाळी भय्यासाहेब छापलेल्या स्मरणिकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आले.

“जयू, पूर्ण उज्जैनात एकटे तुझे अण्णाच वारले काय? आमचे पण वारलेत ना कुणी कुणी.”

“मी सगळ्यांना टाकलं होतं, भय्यासाहेब.”

“अहो ताई, एका पानावर टाकलं का सगळीकडे येऊन जातं,” सुमीत अभिमानानं म्हणाला. “हाच तर फायदा आहे कंप्युटरचा.”

“मला एकाच पानावर पाहिजे होतं.”

“मग टाइपराइटर होता ना.”

वेगळ्या पानाला वेगळा तळ देण्याची सोय त्या कंप्युटरात होती म्हणे. सुमीतला ती ठाऊक नव्हती. पुन्हा छापायला वेळ नव्हता. कार्यकारिणी उभ्याउभ्याच भरली आणि ठरलं: खालचा अर्धा इंच उडवायचा. पानांचे आकडेही त्यातच जाणार होते. अनुक्रमणिका तेवढी राहणार होती.

जयू मागोमाग प्रेसवर गेली.

“सतरावं पान बरोबर आहे, भय्यासाहेब. ते तेवढं राहू द्या.”

भय्यासाहेबांनी कटिंगवाल्याकडे पाहिलं. त्यानं गठ्ठा पात्याखाली सरकवला.

“मशीन है, बहनजी. एक पन्ना नहीं छोड़ती.”

संध्याकाळी प्रकाशन झालं. आखूड स्मरणिका सुबक दिसते, असं पाहुणे म्हणाले. घरी येऊन जयूनं पानं बोटानं मोजत सतरावं काढलं. त्यावर मोदकांची कृती होती. मग तिनं कागद घेतला.

‘मा. सचिव यांस, सविनय विनंती की, मंडळाच्या स्मरणिकेचे सतरावे पान खालून अर्धा इंच पूर्ववत वाढवून मिळावे. त्यावरील मजकूर अर्जदार स्वहस्ते लिहील. इतर पानांवर त्याचा काहीही परिणाम होणार नाही, याची अर्जदार हमी देते.’